देणं किती, दान किती?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नागरिकत्व, परोपकार आणि परक्यांबद्दलची जबाबदारी या विषयावर इंदूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. लांबलेली पत्रं आटोपशीर केली आहेत. नावं गाळून फक्त वस्ती ठेवली आहे.

प्रश्न : आमच्याकडे धुणीभांडी, केरफरशी करणाऱ्या ताई चार वर्षं येतात. पगार महिना ४,००० रुपये. गेल्या वर्षापासून त्यांच्या मुलीची शाळेची फी आम्ही भरतो, वर्षाचे १८,०००. आता त्या म्हणतात, शेजारच्या बिल्डिंगमध्ये एवढ्याच कामाचे ५,५०० देतात, तिकडे जाते. एवढं करून जाण नाही, असं मनात येतं. चुकतंय का? आणि फी पुढे भरायची का? (सुदामा नगर)

उत्तर : आधी कागद-पेन घ्या. शेजारी ५,५०० देतात, तुम्ही ४,०००. महिन्याचा फरक १,५००, वर्षाचा १८,०००. फीही नेमकी तेवढीच. बाजारात त्यांच्या कामाला जो भाव आहे त्यातला जो पैसा तुमच्याकडे राहिला, तोच तुम्ही फी म्हणून परत केला आणि वर कृतज्ञतेची अपेक्षा ठेवली. तुमच्या मनात लबाडी नव्हती हे पत्रावरून दिसतंच. पण वहीत जे दानाच्या पानावर मांडलंय, ते बहुतेक सगळं देण्याच्या पानावरचं आहे.

नीतिविचारात हा भेद जुना आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं कर्तव्यांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातली कर्तव्यं काटेकोर असतात. दिलेला शब्द पाळणं, कुणाचं न बुडवणं यांत आपल्या मर्जीला जागा नाही. दुसऱ्या वर्गात मदत येते. मदत करायला हवी हे नक्की, पण कुणाला, कधी आणि किती हे आपण ठरवायचं. घरकामाच्या बाबतीत गडबड होते ती पहिल्या वर्गातली गोष्ट दुसऱ्या वर्गात ढकलल्यामुळे. पगारवाढ राहून जाते आणि दिवाळीला साडी दिली जाते. साडी वाईट नाही, पण ती पगारवाढीच्या जागी आली की घेणाऱ्याला हक्कानं मागता येत नाही आणि देणाऱ्याला मात्र ऐकवता येतं. १७९७ मध्ये कांटनंच एक बोचरा प्रश्न विचारून ठेवलाय. राज्यव्यवस्थेतल्या अन्यायामुळे काहींच्याच हाती पैसा साचला असेल, तर त्या पैशातून श्रीमंतानं केलेल्या मदतीला परोपकार म्हणायचं तरी का?

आता करायचं काय ते. ताईंना ठेवायचं असेल तर पगार ५,५०० वर आणा आणि फीचा विषय त्या बोलण्यात काढूच नका. आठवड्याची एक सुट्टी ठरवा. बहुतेक घरांत साप्ताहिक सुट्टी नसते, पण खाडा मात्र ३० दिवसांच्या हिशेबानं कापला जातो. ४,००० ला दिवसाचे १३३ रुपये. सुट्टी न देता खाडा कापणं म्हणजे महिन्याच्या तिसाही दिवसांवर आपला हक्क सांगणं. चार साप्ताहिक सुट्ट्या आणि वर्षाला १२ ते १५ पगारी रजा, त्यापुढच्या गैरहजेरीलाच खाडा, असा नियम दोघींना सोयीचा पडतो. उचल दिली असेल तर ती डायरीत लिहा, महिन्याला किती वळती करायची ते ठरवा आणि दर वेळी दोघींच्या सह्या घ्या. २०,००० च्या उचलीला महिना १,००० पुरे. एकदम ४,००० कापले की त्या महिन्यात ताई दुसरीकडे उचल मागणार आणि चक्र सुरू.

फीबद्दल. 'बारावीपर्यंत भरू' असा शब्द दिला असेल तर ताई काम सोडून गेल्या तरी तो पाळायचा. शब्द मुलीच्या शिक्षणाबद्दल होता, भांड्यांबद्दल नव्हता. शब्द दिला नसेल तर निदान हे शैक्षणिक वर्ष पुरं करा, कारण तुमच्या भरवशावर शाळा निवडली गेली आहे. मध्येच हात काढला तर मुलगी आधी होती त्याहून वाईट जागी पडते. पैसे थेट शाळेत भरून पावती मुलीच्या नावावर घ्या.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. घरकामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला त्यासाठी समिती नेमायला सांगितलं. लैंगिक छळविरोधी २०१३ चा कायदा मात्र घरकामगार स्त्रियांना लागू आहे, आणि असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर त्यांची नोंदणी होते. आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं असेल तर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ते तुम्ही करून देऊ शकता, आणि त्याला खुशाल मदत म्हणा.

प्रश्न : रात्री बायपासवर अपघात दिसला तर थांबायचं का, यावर घरात कायम वाद होतो. यजमान म्हणतात, पोलिसांचं लचांड मागे लागतं. कायदा काय म्हणतो आणि नीती काय म्हणते? (राजेंद्र नगर)

उत्तर : लचांडाची भीती एके काळी खरी होती. आता ती बरीचशी जुनी झाली आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम निघाले. चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, मदत करताना हातून काही कमीजास्त झालं तरीही. नाव, पत्ता, फोन सांगायची सक्ती पोलीस किंवा इस्पितळ करू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. झालात तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी आणि जागी घ्यायचा असतो. नातेवाईक नसाल तर इस्पितळ तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. मदत करणाऱ्याच्या या हक्कांची सनद इस्पितळाच्या दर्शनी भागात लावायची असते. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात की भिंतीवर शोधा, सापडते का ते.

उलट बाजूही लक्षात घ्या. आपल्याकडे बघ्यानं मदत केलीच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा नाही. कलम १३४ अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाला जखमीला उपचार मिळवून द्यायला बांधतं. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यानं डॉक्टरांना बांधलं. रस्त्यानं जाणारे आपण मात्र मोकळे. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ३२३-क प्रमाणे मदत न करण्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. फ्रान्समध्ये स्वतःला धोका नसताना मदत टाळली तर पाच वर्षांपर्यंत. आपल्या कायद्यानं मदत करणाऱ्याची वाट मोकळी केली, पण हात धरून त्या वाटेवर ढकललं नाही. आम्हाला हे सध्या तरी योग्य वाटतं. तपास यंत्रणेवरचा विश्वास पुरेसा नसताना शिक्षेची तलवार टांगली, तर लोक थांबण्याऐवजी 'मी तिथे नव्हतोच' म्हणायला शिकतील.

नीतीच्या बाजूनं कसोटी सोपी आहे. समोरच्याच्या जिवाचा प्रश्न, आपला खर्च अर्ध्या तासाचा, आणि आपल्या जिवाला धोका नाही. या तिन्ही गोष्टी जुळल्या की 'थांबलं तर चांगलं' असं उरत नाही, थांबावंच लागतं. रात्रीचा सुनसान रस्ता, गाडीत लहान मुलं, अशी तुमच्या सुरक्षिततेची शंका असेल तर उतरायचं बंधन नाही. पण फोन करायचं आहेच. पुढे जाऊन गाडी कडेला घ्या, १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करा, आणि जागा नीट सांगा: कोणता चौक मागे पडला, वाहतूक कोणत्या दिशेची, किलोमीटरचा दगड कोणता. 'बायपासवर' एवढं सांगून गाडी पोहोचत नाही.

थांबलात तर आपली गाडी अपघाताच्या मागे थोड्या अंतरावर, धोक्याचे दिवे लावून उभी करा. जखमीला उगाच हलवू नका. आग किंवा मागून येणारी वाहनं असा धोका असेल तरच, मान आणि पाठ एका रेषेत धरून हलवा. श्वास अडला नसेल तर हेल्मेट काढू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. पाणी पाजू नका. शुद्ध नीट नसेल तर ते श्वासनलिकेत जातं, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. आपल्याकडे पाणी पाजणं हा पहिला धर्म मानतात, त्यामुळे गर्दीला हे समजावणं हेच अर्ध काम असतं.

गर्दीचं आणखी एक. १९६८ मध्ये डार्ली आणि लताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. शेजारच्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचं ऐकू येतं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत फक्त ३१ टक्के. माणसं निर्दय नव्हती, जबाबदारी वाटली जाऊन पातळ झाली होती. म्हणून 'कुणीतरी फोन करा' असं ओरडू नका. एकाकडे बोट करा: 'निळा शर्ट, दादा, तुम्ही १०८ लावा. ताई, तुम्ही मागची वाहनं थांबवा.' नेमून दिलेलं काम माणूस सहसा टाळत नाही.

प्रश्न : सासूबाई दर बुधवारी खजराना गणपतीला जातात आणि बाहेर बसलेल्यांना दहा-दहा रुपये देतात. इंदुरात भीक देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो म्हणे. पुण्याचं काम गुन्हा कसं काय? (टिळक नगर)

उत्तर : १ जानेवारी २०२५ पासून इंदूरमध्ये भीक देणाऱ्यावर कारवाई सुरू झाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रतिबंधात्मक आदेशानं. असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि ते मोडल्यास न्याय संहितेचं कलम २२३ लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे जिवाला धोका झाला तर शिक्षा अधिक. एक बाब बहुतेकांना माहीत नसते. असा आदेश एका वेळी दोन महिनेच चालतो. राज्य शासन तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. म्हणून आज आदेश लागू आहे की नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. गेल्या वर्षीच्या बातमीवर जाऊ नका.

आता पुण्याचं. भीक देण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा मुलांचा आहे. कडेवर मूल असलं की हात सैल सुटतो, आणि नेमकं म्हणूनच मूल कडेवर आणलं जातं. मुलाला भीक मागायला लावण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दिलेल्या दहा रुपयांनी त्या मुलाची उद्याची शाळा बुडते. तिथे दया हवी असेल तर मुलांच्या मदतवाहिनीला, १०९८ वर, फोन करा. एकट्या वृद्धांसाठी १४५६७.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या दिल्लीतल्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केल्या. २०२१ मध्ये, महामारीच्या काळात, रस्त्यावरून भिकारी हटवा ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली नाही. माणूस नाइलाजानंच भीक मागतो, असं न्यायालयाचं म्हणणं. देणाऱ्याला दंड करण्याचं समर्थन एकाच अटीवर होऊ शकतं, ती म्हणजे बंद केलेल्या हाताच्या जागी दुसरा हात उभा असणं. निवारा, उपचार, काम. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाच्या केंद्राच्या 'स्माइल' योजनेत पहिल्या दहा शहरांत इंदूर आहे, म्हणजे कागदावर तो हात आहे. प्रत्यक्षात किती जणांना तो पोहोचला हे विचारणं नागरिकाचं काम, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे. फी दहा रुपये. सासूबाईंच्या बजेटात बसणारी.

आदेश चूक वाटतो म्हणून गुपचूप नोट सरकवणं याला सविनय कायदेभंग म्हणता येत नाही. कायदेभंग उघड करायचा असतो, परिणाम पत्करून.

प्रश्न : २०२४ च्या लोकसभेला मी 'नोटा' दाबलं. नातेवाईक म्हणतात, मत वाया घालवलंस. नागरिकाचं कर्तव्य झालं की नाही? (लोकमान्य नगर)

उत्तर : त्या निवडणुकीत इंदूरमध्ये 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली, देशात तोवरची सर्वाधिक. मुख्य विरोधी उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला होता. विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मतं मिळाली आणि 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. निकालावर परिणाम शून्य. लोकसभेला 'नोटा' पहिलं आलं असतं तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून आला असता. अनामत जप्त होण्याचा एक षष्ठांशाचा हिशेबही वैध मतांवर होतो आणि त्यात 'नोटा' धरत नाहीत.

तरी 'वाया' हा शब्द आम्ही वापरणार नाही. एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता तशीही नगण्य असते, मग ते कुणालाही द्या. तेवढ्याच कारणानं मतदान कर्तव्य ठरत असतं तर ते केव्हाच संपलं असतं. जॉन स्टुअर्ट मिलनं १८६१ मध्ये मांडलेला विचार इथे अधिक कामाचा आहे. मत ही आपली खाजगी मालमत्ता नाही, ती इतरांच्या वतीनं सांभाळायची ठेव आहे. तेव्हा ते कसं वापरलं याचं कारण शेजाऱ्याला सांगता आलं पाहिजे. 'निवडीला पर्यायच उरू दिला नाही म्हणून' हे कारण सांगता येतं. 'सगळे सारखेच' हे सांगता येत नाही, कारण ते बहुधा शपथपत्रं न वाचताच म्हटलं जातं. प्रत्येक उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण सगळं त्यात. वीस मिनिटांचं वाचन आहे.

आणि बटण दाबून कर्तव्य तिथेच संपत नाही. पर्याय नाहीत ही तक्रार असेल तर पर्याय उभा करणाऱ्याचा सूचक होता येतं. अपक्षाला लोकसभेसाठी दहा सूचक लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले मतदार. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००.

प्रश्न : मूलभूत कर्तव्यं पाळली नाहीत म्हणून शिक्षा होऊ शकते का? (महू)

उत्तर : ही कर्तव्यं सांगणाऱ्या घटनेच्या नुसत्या कलम ५१-अ खाली नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं दहा कर्तव्यं आली, २००२ मध्ये मुलांच्या शिक्षणाचं अकरावं जोडलं गेलं. शिक्षा होते ती वेगळा कायदा असेल तर, उदाहरणार्थ सार्वजनिक मालमत्तेची नासधूस. कर्तव्याच्या नावानं हक्क दाबता येत नाही, हे १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात स्पष्ट झालं. राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहणारी, पण धार्मिक श्रद्धेमुळे न गाणारी तीन मुलं शाळेतून काढली होती. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं.

तुमच्याच गावी जन्मलेल्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बंधुतेबद्दल जे सांगितलं ते या यादीपेक्षा खोल जातं. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या वरच्या थरापेक्षा खोल उतरणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा. बंधुता हुकमानं येत नाही. तिच्यासाठी कलम लिहिता येत नाही, ही घटनाकारांची अडचण होती आणि आपलीही आहे.

प्रश्न : पेन्शन बरी आहे. पुतण्याच्या कोचिंगला मदत करायची की कुठल्या तरी संस्थेला द्यायचं? आणि किती दिलं म्हणजे पुरे? (स्नेहलतागंज)

उत्तर : 'किती' या प्रश्नाचं सगळ्यात कठोर उत्तर पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं दिलं, आणि त्याला निमित्त आपल्याच दाराशी घडलेलं होतं: १९७१ चे पूर्व बंगालमधले निर्वासित, सुमारे ९० लाख. त्याचं म्हणणं, तळ्यात बुडणारं मूल दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग अंतरानं काय फरक पडतो? तेवढ्याच महत्त्वाचं काही गमवावं लागत नसेल तोवर देत राहा. युक्तिवाद मोडायला अवघड आहे, पण त्याप्रमाणे चाललं तर पेन्शन महिन्याच्या पाच तारखेला संपेल. आमचं मत असं, की टक्का आधी ठरवावा, भावनेच्या भरात नाही. सहा महिन्यांचा खर्च आणि औषधपाण्याची तजवीज बाजूला काढून उरलेल्या वार्षिक उत्पन्नाचे पाच टक्के ही सुरुवात झेपते. झेपली की वाढवा.

पुतण्याचं वेगळं. कुटुंबातल्या जबाबदाऱ्या म्हणजे समाजानं वाटून दिलेली कामं. ज्याचं त्यानं पाहिलं की सगळ्यांचं बघितलं जातं. पण काका म्हणून तुमचा वाटा आईबापांच्या नंतरचा. पुतण्याची बारावीची फी अडली असेल तर आधी तो. दुसऱ्यांदा 'रिपीटर' बॅच घ्यायची असेल तर ती हौस आहे, तिला पाच टक्क्यांत बसवू नका. नाहीतर घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. वृद्ध आईवडील हयात असतील तर त्यांचा खर्चही या हिशेबात धरू नका. २००७ च्या कायद्यानं ते कायदेशीर देणं आहे आणि न्यायाधिकरण दरमहा निर्वाह खर्च बांधून देऊ शकतं.

संस्थेला देताना चार गोष्टी बघा: नोंदणी, शेवटच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, काम प्रत्यक्ष चालतं ती जागा, आणि पैसा कशावर खर्च झाला ते सांगायची तयारी. अहवाल मागितल्यावर राग येणाऱ्या संस्थेला देऊ नका. ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वरची रक्कम रोख देऊ नका, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र घ्या आणि जुनी करप्रणाली निवडा. नव्या प्रणालीत ही सवलत नाही. दरमहा थोडं दिलेलं संस्थेला जास्त उपयोगी पडतं. वर्षाखेरीस एकदम आलेल्या रकमेवर कुणाचा पगार ठरवता येत नाही.

प्रश्न : आमच्या २४ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये चार-पाच घरं ओला-सुका कचरा एकत्रच टाकतात. समितीनं ५० रुपये दंड लावला, तर ते हसत दंड भरतात. मग आम्हीच का राबायचं? (वैशाली नगर)

उत्तर : इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर आहे ते घराघरातल्या वर्गीकरणाच्या जोरावर. गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे असतात. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे, आणि तिथे प्लास्टिक किंवा डायपर मिसळून आला की यंत्रं अडतात आणि खताचा कस जातो. त्याआधी तो डायपर कुणीतरी हातानं वेगळा काढतं. म्हणजे न निवडणारं घर आपलं काम नाहीसं करत नाही, दुसऱ्याच्या हातावर ढकलतं.

ब्रिटिश कायदेतज्ज्ञ हार्टनं १९५५ मध्ये मांडलं, की सगळ्यांनी नियम पाळून उभ्या केलेल्या सोयीचा फायदा जो घेतो, त्यानं आपला वाटा उचलणं हे इतरांचं त्याच्याकडचं घेणं आहे. याला एक आक्षेप असतो: ती सोय मी मागितलीच नव्हती. शहराच्या स्वच्छतेला हा आक्षेप लागत नाही. ती नको असेल असं घर दाखवा.

दंड का फसला ते इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांच्या प्रयोगावरून कळतं. निष्कर्ष २००० मध्ये आले. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढल्यावरही खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती. दंडानं तिची जागा घेतली आणि उशीर विकत मिळू लागला. तुमच्याकडे तेच झालं, ५० रुपये ही न निवडण्याची किंमत झाली.

दंड थांबवा. पहिला आठवडा नुसती पाहणी: कोणत्या घरातून काय मिसळून येतं. कारण बहुतेक वेळा साधं असतं: ओट्याखाली एकच डबा, किंवा गाडीच्या वेळी घरात कुणी नसणं. मग शेजारचं एक माणूस, समितीचं नव्हे, दुसरा डबा घेऊन जाऊन बोलेल. तिसऱ्या आठवड्यापासून न निवडलेला डबा तसाच दाराशी परत. महिन्यानंतरही तेच चाललं तर बैठकीत विषय, त्या घराच्या उपस्थितीत. दंड अगदी शेवटी, आणि तो चढता: ५००, मग १,०००. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासिकेला २००९ चं नोबेल मिळालं. सामायिक साधनं लोक शतकानुशतकं कशी सांभाळतात हा तिचा विषय. टिकलेल्या गावांत शिक्षा अशीच पायरीपायरीनं चढत गेलेली तिला दिसली.

प्रश्न : गणेशोत्सवाची वर्गणी ४०,००० रुपये उरली. समितीचे चौघं म्हणतात, पूरग्रस्तांना देऊन टाकू. चांगलंच आहे ना? (रामबाग)

उत्तर : हेतू चांगला, पण पैसा चौघांचा नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार. लोकांनी वर्गणी उत्सवासाठी दिली. ती दुसरीकडे वळवायची तर त्यांना विचारायला हवं, मग कारण कितीही मोठं असो. सात दिवसांची सूचना फलकावर आणि ग्रुपवर टाका, सभा घ्या, ठरावात रक्कम, कुणाला आणि कशासाठी हे लिहा, विरोध करणाऱ्यांची नोंद घ्या. कुणाला आपला वाटा परत हवा असेल तर द्या. मंडळ नोंदणीकृत असेल तर घटनेत हेतू काय लिहिलाय ते आधी वाचा. मध्य प्रदेशात सोसायट्यांना १९७३ चा आणि सार्वजनिक न्यासांना १९५१ चा कायदा लागू होतो. हेतूबाहेरचा खर्च पुढे लेखापरीक्षणात अडकतो.

पैसे धनादेशानं किंवा बँकेतून पाठवा आणि पावती मंडळाच्या नावानं घ्या. पुढच्या वर्षीच्या पावतीपुस्तकावर एक ओळ छापून घ्या: 'शिल्लक रक्कम सभेच्या ठरावानं समाजकार्यास.' मग दर वर्षी हा प्रश्न उरणार नाही.